विहिरीवरचा लाल बल्ब

आमच्या विहिरीवरचा बल्ब लाल का होता, ते मोठे काका चारचौघांत हसत हसत सांगायचे. आमच्याकडे शेतीची लाईट कधी येईल याचा भरवसा नसायचा, आणि हिवाळ्यात ती बहुधा रात्रीच यायची. म्हणून विहिरीवरच्या बल्बचं बटण कायम चालू ठेवायची पद्धत होती. बल्ब लागला की समजायचं लाईट आली, आता जाऊन मोटार सुरू करायची. घराच्या माळवदावर उभं राहिलं की शिवारातले असे चार-पाच बल्ब दिसायचे आणि सगळे सारखेच. एकदा काका दुसऱ्याच डीपीवरचा, म्हणजे दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, बल्ब बघून कानाला मफलर गुंडाळून विहिरीवर गेले, तर आमच्या मोटारीला लाईटच नाही. गावानं त्यांची भरपूर टर उडवली. लगेच त्यांनी जिंतूरहून लाल बल्ब आणला, मोटारीच्या खोलीच्या कोपऱ्याला बाभळीचा खांब रोवला आणि त्यावर तो टांगला. आता सगळ्या शिवाराचे बल्ब पिवळे आणि आमचा एकटा लाल.

सांगताना त्यांचं पोट हलायचं, ऐकणाऱ्यांचंही हलायचं. मी हसत नसे. पुढे त्याच बल्बनं मी त्यांच्यावर सूड उगवला. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आता केस पांढरे झाले तरी वाटत नाही.

आमचं गाव बोरीपासून गाडीवाटेनं आत. वडील सेलूला जिनिंगमध्ये कामाला होते, बाजाराच्या दिवशी तेवढे घरी यायचे. त्यांचा स्वभाव असा, की थोरल्या भावासमोर त्यांना खोकायचीही चोरी. शेत काकाच बघायचे. वाटणी झाली होती ती तोंडी: विहीर दोघांत आणि विहिरीला लागून असलेला दोन-अडीच गुंठ्यांचा तुकडा आमच्याकडे. तुकडा लहानच, पण पाण्याशेजारचा आणि भुसभुशीत. काकांचा त्यावर पहिल्यापासून डोळा होता. ते तसं कधी बोलून दाखवत नसत. आमचे काका गोड बोलणारे होते, गावाला हवेहवेसे होते, आणि माझ्या मते अशा माणसांपासून फार सांभाळून राहावं लागतं.

आईला गावात मान होता तो एकाच गोष्टीमुळे. पेरणीला ती चाड्यावर मूठ धरायची. बैल तिफण ओढतात, मागून बाईनं चालायचं आणि तिफणीवरच्या लाकडी चाड्यात मुठीतून बी सोडत जायचं. मूठ सैल सुटली तर पीक दाट होतं, आवळली तर मध्येमध्ये जागा रिकाम्या राहतात. एकदा पेरलं की ती चूक दिवाळीपर्यंत सगळ्या गावाला दिसत राहते. आईची मूठ कधी चुकली नाही. मृग लागला की मोठमोठ्या घरच्या बाया आमच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या, आमच्याकडे आधी या म्हणून आर्जवं करायच्या. तिच्या हाताला बरकत आहे असं सगळे म्हणायचे. वर्षभर घरात तिला कुणी काही विचारत नसे, पण ते दिवस तिचे असायचे. तेव्हा ती जरा वेगळी चालायची, मान वर करून.

ज्या हिवाळ्यात काकांनी लाल बल्ब लावला, त्याच हिवाळ्यात आईनं बटाटे लावायचं मनात घेतलं. आमच्या बाजूला बटाटा ही बाजारातून आणायची वस्तू, शेतात कुणी लावत नसे. पण मामानं त्याच्याकडे लावून पाहिला होता आणि त्याला चांगला आला होता. त्यानं बहिणीला अर्धं पोतं बेणं पाठवून दिलं, लाल सालीचं, जुन्या देशी वाणाचं. काकांना ते आवडलं नाही. पण सरळ नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी भावकी बसलेली असताना विषय काढला आणि म्हणाले, लावू द्या तिला, तुकडा तिचाच आहे. पीक आलं तर कायमचा तिनंच करावा. नाही आलं तर मी करीन, पाण्याजवळची जमीन अशी वाया जायला नको. सगळ्यांना हे मोठं शहाणपणाचं वाटलं. वडिलांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सेलूची गाडी पकडली.

मी तेव्हा परभणीला शेतकी शिकत होते, पहिल्या वर्षाला. संक्रांतीला घरी आले तर तुकडा नुसता हिरवागार. आई मला मुद्दाम तिथे घेऊन गेली. पानं हाताच्या पंजाएवढी, झाडं गुडघ्याच्या वर. तिनं दोन सऱ्यांच्या मधे उभं राहून पदर खोचला आणि मला म्हणाली, आता हा तुकडा आपल्याकडून कुणी काढून घेत नाही बघ. मीही तेच म्हणाले. शेतकी शिकत असूनही मला काही कळलं नाही.

काढणीच्या दिवशी भावकीतली माणसं होती, बाया होत्या. पहिला सरा उघडला तर पांढरी मुळं. दुसरा उघडला, तेच. मग बोराएवढे दोन-चार सापडले. शेवटी मोटारीच्या खोलीमागच्या कोपऱ्यात मुठीएवढे चांगले निघाले, टोपलंभर. बाकी सगळा पालाच. आई वाकून वाकून माती चाळत होती, कुणी बस म्हटलं तरी थांबत नव्हती.

काकांनी मुळांचा एक झुबका उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि हसत हसत म्हणाले, “पाला तर लय झालाय. खाली कायच न्हाई. बाईचा हात वांझ झालाय, दुसरं काय.”

लोक हसले. वाईट मनानं हसले असं नाही; काका हसले की हसायचंच, अशी सवय झालेली होती. आईनं टोपलं उचललं आणि घराकडे चालू लागली. मी तिथेच उभी राहून एकेकाचं तोंड बघून घेतलं, कोण हसलं आणि कोण नाही. मला अजून सगळी आठवतात.

तुकडा गेला तो गेलाच. पण खरा घाव तो शब्द होता. तो गावभर झाला. मृग आला आणि आमच्या उंबऱ्यात कुणी आलं नाही. पहिल्या दिवशी आईनं सकाळीच आंघोळ करून घेतली, जाडं लुगडं नेसली आणि दारात बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. रस्त्यानं तिफणी जात होत्या आणि त्यांच्यामागून भलत्याच बाया. तिसऱ्या दिवशी तिनं निवडायचं धान्य घेतलं आणि घराच्या मागच्या अंगाला जाऊन बसली, तिथून रस्ता दिसत नाही. शेजारणीनं कैरीचं लोणचं घातलं तेव्हा दरवर्षीसारखं कालवायला आईला बोलावलं नाही. नंतर एक वाटी पाठवून दिली. आईनं ती वाटी तशीच झाकून परत केली. मी सुट्टीला घरी होते. एक दिवस ती मला म्हणाली, “तू शिकायलीस. माझ्या हातात खरंच काय झालं असंल का गं?”

मी नाही म्हणाले, पण का नाही ते मला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून काका हसताना दिसले की मी तिथून उठून जायचे.

त्याच पावसाळ्यात आमच्या सरांनी कुंड्यांमध्ये बटाटे लावले होते. झाडावर उजेडाच्या रंगाचा काय परिणाम होतो ते आम्हाला डोळ्यांनी दाखवावं म्हणून. संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या कुंड्यांवर काळ्या कापडाचा मांडव पडायचा, म्हणजे हिवाळ्यासारखी लांब रात्र झाली. त्यातल्या काही कुंड्यांना रात्री मध्येच लाल जिलेटिनच्या कागदातून उजेड द्यायचा, काहींना निळ्या, आणि काहींना अजिबात नाही. पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. लाल उजेडाच्या कुंड्या सगळ्यांत देखण्या दिसायच्या, उंच आणि तजेलदार. मला वाटायचं याच पहिल्या येणार.

दिवाळीच्या आधी सरांनी कुंड्या उलट्या करायला लावल्या. अंधारातल्या कुंडीत बटाटे होते, निळ्या उजेडाच्या कुंडीतही होते. लाल उजेडाची कुंडी मी स्वतः उलटी केली. माती पडली आणि हातात पांढऱ्या मुळांचा झुबका राहिला.

सर समजावून सांगत होते. बटाट्याचं झाड रात्रीची लांबी ओळखतं. रात्र लांब आणि सलग मिळाली की त्याला कळतं थंडी आली, आता जमिनीखाली साठवायला लागावं. पण त्या रात्रीत मध्येच लाल उजेड पडला की त्याची फसगत होते. त्याला वाटतं रात्र लहानच आहे, मग ते नुसती पानं वाढवत बसतं. त्यासाठी फार उजेड लागत नाही, थोडाही पुरतो. निळ्या उजेडानं ते असं सहसा फसत नाही. मुली वहीत उतरवून घेत होत्या. मी मुळं हातात धरून उभी होते. ही मुळं मी आधी पाहिली होती. आणि खोलीमागचा कोपराही आठवला. तिथे भिंतीची सावली पडत होती, बल्ब तिथवर पोचत नव्हता, म्हणून तेवढेच बटाटे धरले होते.

मला रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. आईचा हात चांगला होता, जमीन चांगली होती, बेणं चांगलं होतं. वाईट होता तो त्या माणसाचा बल्ब, आणि त्यानं नाव ठेवलं माझ्या आईला. संतापानं माझे कान गरम झाले होते. सरांनी बरं नाही का म्हणून विचारलं, तर मी खूप बरं आहे म्हणाले.

घरी जाऊन हे सगळं सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. काका हसले असते. पोरगी दोन बुकं शिकली आणि आईचं झाकायला बल्बला दोष द्यायला लागली, असं म्हणाले असते, आणि पुन्हा सगळ्यांची पोटं हलली असती. आमच्या गावात उजेडानं बटाटे मरतात यावर कुणाचा विश्वास बसणार होता? लोकांना हात कळतो, नजर कळते, जमीन कळते. म्हणून मी ठरवलं, काही सांगायचं नाही. काय करायचं ते मात्र सुचत नव्हतं.

ते काकांनीच सुचवलं. दिवाळीला घरी गेले तर त्यांनी गावात बोलून ठेवलेलं, की या हिवाळ्यात त्या तुकड्यात मी स्वतः बटाटे लावणार. जमीन कशी आहे आणि हात कसा होता ते एकदा लोकांना दिसू दे. बेणंसुद्धा त्यांनी मामाकडूनच मागवलं, म्हणजे नंतर कुणी बियाण्यावर बोट ठेवायला नको. एवढा चोख बंदोबस्त केल्यावर ते माझ्याकडे वळले. विहिरीवरचा बल्ब गेला होता, येताना परभणीहून आणशील का म्हणून विचारलं.

“मोठा आण,” ते म्हणाले. “लाल पायजे. गावातनं ठळक दिसला पायजे.”

मी म्हणाले, “आणते की काका.”

आयुष्यात इतक्या आनंदानं मी कुणाचं काम केलं नसेल. परभणीला लग्नाचे मांडव सजवणारा एकजण होता, त्यानं मला दोनशे वॅटचा बल्ब लाल रंगात बुडवून, वाळवून दिला. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, आज बंद तर उद्या मोर्चा. एसटी कुठे थांबेल आणि कधी सुटेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. दोन रविवार गाडीच मिळाली नाही आणि मी जीव मुठीत धरून वाट बघितली. काका तोवर जिंतूरहून एखादा साधा बल्ब आणून लावतील अशी मला धास्ती होती. शेवटी गाडी मिळाली. कापसात गुंडाळलेला बल्ब मांडीवर घेऊन मी बोरीपर्यंत आले आणि शेजारच्या बाईनं विचारलं तर देवघरासाठी आहे म्हणून सांगितलं.

बल्ब लावताना मीच सल्ला दिला. म्हणाले, काका, खोलीच्या भिंतीआड उजेड अडतो, गावातून नीट दिसत नाही. तुकड्याच्या बांधावर, हौदाजवळ, मधोमध लावा. काकांनी खांब हलवला. लाईट आल्यावर माळवदावर जाऊन पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात मारला. शिकल्याचा काहीतरी उपयोग झाला म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले आणि परभणीला परत आले.

ते दिवस मी कसे काढले! अभ्यासाला बसलं तरी डोळ्यांसमोर तो तुकडा. मेसमध्ये बटाट्याची भाजी असली की मला हसू फुटायचं, मैत्रिणींना वाटायचं हिचं कुठे जुळलंय. परभणीत रात्री लाईट गेली की बाकीच्या मुली कुरकुरायच्या आणि मला भलतीच काळजी लागायची, की तिकडे गावाकडेही गेली असेल का. लाईट यावी आणि रात्रभर राहावी म्हणून मी हात जोडले आहेत. लोक देवाकडे काय काय मागतात, मी वीज मागितली.

संक्रांतीला गेले तेव्हा काकांनी मला दारातूनच तुकड्यावर नेलं. पीक कंबरेला आलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते दाखवत होते. सेलूच्या एका व्यापाऱ्याला सांगून झालं होतं, काढणीच्या दिवशी पोती घेऊनच ये. मला म्हणाले, “तुझ्या मायला सांग, हात असा असतो.”

मी हे आईला सांगितलं नाही. पण संध्याकाळी चुलीपुढे बसल्यावर मला राहवलं नाही. बाकी सगळं सांगितलं. कुंड्या, काळा मांडव, लाल उजेड, मुळं, खोलीमागची सावली, सगळं. मी बल्ब का आणला आणि खांब का हलवायला लावला तेही. आई भाकरी थापत होती, ती थांबली नाही. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, “खोलीमागचे म्हून बरे आले व्हते?”

“व्हय माय,” मी म्हणाले. “तुझ्या हातात कायच खोट न्हाई. पण कुणाला बोलू नको. आत्ता बल्ब काढला तर त्यांचे अजून धरतील.”

तिनं भाकरी उलटली. मग मला म्हणाली दिवा लाव, सांज झाली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही समजलं नाही आणि मी घाबरले. आई मऊ होती. काकू विहिरीवर धुणं धुवायला आली की आई तिला सांगून टाकणार, असं माझं मन मला सांगत होतं. कुणाचं नुकसान होताना तिला बघवत नसे. सूड माझा होता, आणि तो मी तिच्या हातात देऊन बसले होते. परभणीला जाताना एसटीत मी स्वतःवरच चिडत होते.

महाशिवरात्रीनंतर काढणी ठरली. मी आदल्या दिवशीच आले. येता येता गाडीवाटेवरून पाहिलं, बल्ब जागेवर होता. आई घरात होती, नेहमीसारखी. मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही.

सकाळी काकांनी बांधावर नारळ फोडला. सगळी भावकी आली होती, वडीलही आले होते. व्यापारी पोत्यांवर बसून विडी ओढत होता. आई बायांमध्ये मागे उभी होती. मी मात्र पुढे जाऊन उभी राहिले, मला काकांचं तोंड नीट दिसायला हवं होतं.

पहिल्या सऱ्यात मुळं निघाली. काका हसून म्हणाले, कडेचा सरा आहे, मधला घ्या. मधल्यात मुळं निघाली. त्यांनी तिसरा दाखवला, मग लांबचा, मग खोलीमागचा. या वेळी तिथेही काही नव्हतं. बाया कुजबुजायला लागल्या. काकांनी गड्याच्या हातातली कुदळ घेतली, नंतर ती टाकून दिली आणि गुडघ्यावर बसून हातानं माती उकरायला लागले. धोतर मातीनं भरलं. ते हसायचा प्रयत्न करत होते आणि जमत नव्हतं. मी ते डोळे भरून पाहिलं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं आणि माझं समाधान होत नव्हतं, अजून पाहिजे होतं.

काका उभे राहिले आणि म्हणाले, “जमिनीतच खोट हाय.”

मी म्हणाले, “मंग गेल्या साली बी जमीनच खोटी असंल की, काका. मायच्या हाताला कामून नाव ठेवलं?”

एवढ्या माणसांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. वडिलांनी खाली पाहिलं. भावकीतले एक म्हातारे काठीवर हनुवटी टेकून बसले होते, ते म्हणाले पोरगी बरोबर विचारतेय, उत्तर दे. काकांनी पुटपुटत काहीतरी सांगितलं.

“मोठ्यानं बोला,” मी म्हणाले. “त्या दिवशी मोठ्यानंच बोलला व्हता.”

त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. मग ते म्हणाले, “हाताचं न्हवतं ते. हात चांगला हाय तिचा.”

व्यापाऱ्यानं रिकामी पोती गोळा केली आणि सेलूला निघून गेला. खोट असलेला तुकडा ठेवून काय करायचं म्हणून काकांनी तो आठ दिवसांत वडिलांना परत दिला. तो आजही आमच्याकडे आहे, आणि त्यात काय पाहिजे ते येतं.

खरं कारण काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. सूड ज्याच्यावर घेतला त्यालाच तो माहीत नाही, ही माझी मोठी अडचण होती. कितीदा तरी माझ्या जिभेवर आलं. शेवटी ते दवाखान्यात होते तेव्हा मी भेटायला गेले, आम्ही दोघंच होतो, तेव्हाही आलं. मी गिळून टाकलं. दया आली म्हणून नव्हे. त्यांना कळलं असतं तर ते हसले असते, पोरीनं बरं बनवलं म्हणाले असते, गोष्ट त्यांची झाली असती. ती मला त्यांना द्यायची नव्हती.

पण हे सगळं पुढचं. त्या वर्षीच्या मृगात आमच्या उंबऱ्यात पुन्हा बाया यायला लागल्या. लोणचं पाठवणारी शेजारीण सगळ्यांत आधी आली. आई कुणाला लागेल असं काही बोलली नाही, सगळ्यांना दिवस वाटून दिले. सगळ्यांत शेवटी काकू आली. ती आत आली नाही, उंबऱ्यातच टेकली. आमच्याकडून चूक झाली म्हणाली, पेरणी खोळंबलीय, मूठ धरायला चला म्हणाली. आई सुपात मूग निवडत होती. काकूनं डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याकडे वळली.

“तुझी माय मनात कायबी धरीत न्हाई गं,” ती म्हणाली. “आमी हिला असं बोललो, आन् ही संक्रांतीपासून रोज हौदाच्या कठड्यावर चढून आमचा बल्ब पदरानं पुसायची. धूळ बसली तर उजेड कमी पडतो म्हणायची.”

मी आईकडे पाहिलं. ती मुगातले खडे वेचत होती, तिनं मान वर केली नाही. एवढे दिवस मी समजत होते की सूड माझा आहे.

खडे वेचून झाल्यावर आई काकूला म्हणाली, “त्यायला येऊ द्या.”

काका संध्याकाळी आले आणि अंगणात उभे राहिले. आमच्याकडे बाई थोरल्या दिरासमोर येत नाही, आली तरी बोलत नाही. काही सांगायचं असेल तर मधे एखादं लेकरू लागतं. लग्न होऊन आल्यापासून आईचा आवाज काकांनी समोरासमोर ऐकला नव्हता. ती बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण मान खाली नव्हती.

“यंदा मला येळ न्हाई,” ती त्यांना म्हणाली. “फुडल्या साली इचारा.”

काका मागे वळले आणि गेले. आईकडे वेळ होता. आठवड्यातले दोन दिवस आई नुसती घरी बसून होती, आणि बसली होती ती दारात, रस्त्यावरून दिसेल अशी. चांगली मूठ धरणारी दुसरी बाई त्यांना वेळेवर मिळाली नाही. काकांनी स्वतःच चाड्यावर मूठ धरली. आठ-दहा दिवसांत रान उगवून वर आलं, कुठे हे एवढं दाट, कुठे नुसती जमीन. ते शेत रस्त्याला लागून होतं. पावसाळाभर आई इतरांच्या रानात खुरपायला त्याच रस्त्यानं जायची, आणि रोज तिथे थोडी थांबून बघायची.